आधी चष्मा, मग यंत्र: स्मार्ट ग्लासेस तपासताना

तपासायला आलेल्या स्मार्ट ग्लासेसचा खोका उघडला की आम्ही चष्मा लगेच सुरू करत नाही. बंद असतानाच तो ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर जातो. साधी प्लास्टिकची फ्रेम काचांसकट २५ ते ३० ग्रॅम भरते. कॅमेरा आणि स्पीकर असलेला रे-बॅन मेटा ५० ग्रॅमच्या आसपास, काचेत पडदा असलेला मेटा रे-बॅन डिस्प्ले ६९ ग्रॅम, आणि केबलने फोनला जोडायचा एक्सरीअल एअर ८० ग्रॅमच्या जवळ. हे आकडे कंपनी स्वतःच सांगते. आम्हाला हवा असतो तो आकडा कुणी छापत नाही: यातले किती ग्रॅम नाकावर येतात.

तो काढणं घरीही जमेल. काट्याच्या ताटलीवर खोडरबराचा तुकडा ठेवायचा, काटा शून्य करायचा आणि त्या रबरावर चष्म्याचा ब्रिज, म्हणजे नाकावर बसणारा मधला भाग, टेकवायचा. काड्या उघडून, त्या कानामागे जिथे वळतात बरोबर तिथे, तेवढ्याच उंचीचा पुस्तकांचा आधार द्यायचा. आता काटा दाखवतो तो नाकाचा वाटा. समजा ५० ग्रॅमच्या चष्म्यात हा वाटा ३८ आला, तर कानांवर उरले फक्त १२. दुसरा एखादा ६० ग्रॅमचा असूनही बॅटरी काड्यांच्या मागच्या टोकाला असल्यामुळे नाकावर ३० च टाकत असेल, तर संध्याकाळी तोच हलका वाटतो. काडीचं अगदी टोक आधारावर ठेवायचं नाही. तसं केलं की आधार मागे जातो आणि नाकाचा आकडा उगीच मोठा येतो.

वजनावर इतका वेळ घालवायचं कारण घसरण. नाकावरचा भार वाढला, घाम आला, की चष्मा खाली येतो. फ्रेमच्या पुढच्या भागापासून कानापर्यंतचं अंतर साधारण १०० मि.मी. धरा. पुढचा भाग ५ मि.मी. घसरला तर चष्मा जवळजवळ ३ अंशांनी खाली झुकतो. कॅमेऱ्याच्या दृष्टीने ३ अंश म्हणजे २ मीटरवरच्या माणसाच्या चेहऱ्याऐवजी १० सें.मी. खालचं चित्र. पडद्याच्या दृष्टीने शेवटची ओळ गायब. स्पीकरचं छिद्रही कानापासून सरकतं, मग आवाज वाढवावा लागतो आणि शेजारच्याला ऐकू जातो. आमच्या मते स्मार्ट ग्लासेसच्या निम्म्या तक्रारी यंत्राच्या नसतात, बसण्याच्या असतात. म्हणून क्रम ठरलेला: आधी चष्मा, मग यंत्र.

घसरण मोजायला निदान पाच वेगवेगळे चेहरे हवेत. चपट्या नाकाचा एक, उंच नाकाचा एक, रुंद डोक्याचा एक, लांब केसांचा एक आणि रोज नंबरचा चष्मा लावणारा एक. फ्रेमच्या बाजूला आणि गालावर शाईचे दोन ठिपके द्यायचे, बाजूने फोटो काढायचा. मग ३० सेकंद मान खाली, वीस वेळा मान हलवणं, आणि घाम येईल असं १५ मिनिटं भरभर चालणं. पुन्हा त्याच जागेवरून फोटो. दोन ठिपक्यांमधला फरक मिलिमीटरमध्ये लिहायचा. ३ मि.मी.च्या वर गेला तर पुढच्या सगळ्या चाचण्या आम्ही दोनदा घेतो, एकदा चष्मा नीट वर बसवून आणि एकदा घसरलेल्या जागी.

साधी फ्रेम घसरली तर चष्मेवाला काडी गरम करून वाकवून देतो. इथे ती सोय जवळपास नाही. काडीत बॅटरी, सर्किट, टचपॅड असतं. तिला गरम हवा दाखवली तर नुकसान होऊ शकतं. काही मॉडेलमध्ये कानामागचा थोडासा भाग तेवढा वाकवता येतो, तो किती हे कंपनीच्या सूचनेत बघूनच. त्यामुळे दुकानात जो बसला तोच आयुष्यभर बसणार, असं धरून चालावं. काडीच्या आतल्या बाजूला ५०, २२, १५० असे आकडे छापलेले असतात: भिंगाची रुंदी, ब्रिजची रुंदी आणि काडीची लांबी, तिन्ही मि.मी.मध्ये. ज्या चष्म्याची तुम्हाला सवय आहे त्याचे हे आकडे खरेदीला जाताना लिहून न्या. एकाच मॉडेलचे दोन आकार मिळत असतील तर दोन्ही लावून मान खाली घाला. आरशात बघण्यापेक्षा त्यातून जास्त कळतं.

बिजागरीची तपासणीही यातच येते. चष्म्याच्या फ्रेमसाठीच्या आयएसओ १२८७० या मानकात काडी ५०० वेळा उघडझाप करून बघतात आणि फ्रेम कायमची ५ मि.मी.पेक्षा जास्त फाकलेली चालत नाही. स्मार्ट चष्म्यात त्याच बिजागरीतून डाव्या-उजव्या काडीला जोडणारी लवचीक तार जाते. म्हणून आम्ही उघडझाप करताना दर शंभराला थांबून दोन्ही बाजूंचा आवाज आणि टचपॅड तपासतो. एका बाजूचा आवाज मधूनच तुटणं ही तार दुखावल्याची पहिली खूण.

नंबरवाल्यांसाठी आणखी एक पायरी आहे आणि ती टाळू नये. भिंगाचा मध्यबिंदू आणि बाहुलीचा मध्य जुळला नाही की भिंग प्रिझमसारखं वागतं, म्हणजे उजेड एका बाजूला वळवतं. हिशोब सरळ आहे: नंबर गुणिले सें.मी.मधलं अंतर. उणे ४ नंबर आणि ३ मि.मी. फरक असेल तर १.२ प्रिझम डायॉप्टर (या वळण्याचं एकक). दिवसभरात डोकं जड व्हायला तेवढं पुरतं, आणि दोष मात्र पडद्याला दिला जातो. चाळिशी लागलेल्यांना एक दिलासा: पडद्यावरची प्रतिमा बहुतेक चष्म्यांत डोळ्याला एक-दोन मीटर किंवा त्याहून लांब असल्यासारखी दिसते, त्यामुळे ती वाचायला जवळचा नंबर लागेलच असं नाही. लांबचा नंबर असेल तर मात्र नंबरच्या भिंगाशिवाय अक्षरं धूसर दिसणारच.

आता पडदा. आधी दृष्टिक्षेत्र, म्हणजे चित्र किती अंशांत पसरलंय ते. जाहिरातीत ‘४ मीटरवर १३० इंचांचा पडदा’ असं लिहिलेलं असतं. १३० इंच म्हणजे ३.३ मीटर, ४ मीटरवर त्याचा कोन सुमारे ४५ अंश येतो. इंच विसरायचे, अंश धरायचे. स्वतः मोजायचं तर भिंतीपासून डोळा बरोबर २ मीटरवर ठेवा, चित्राचे दोन तिरके कोपरे भिंतीवर जिथे पडलेले दिसतात तिथे मदतनीसाला कागदाच्या पट्ट्या लावायला सांगा. पट्ट्यांमधलं अंतर ७० सें.मी. आलं तर दृष्टिक्षेत्र २० अंश, १७० सें.मी. आलं तर ४६. कोपरे दिसायला मान वळवावी किंवा चष्मा बोटाने दाबावा लागला तर तसं नोंदवायचं, कारण मग तो कोपरा रोजच्या वापरात तुमच्या उपयोगाचा नाही.

कोन मोठा की चित्र चांगलं, असंही नाही. पिक्सेल किती अंशांत वाटले गेलेत ते बघावं लागतं. मेटा रे-बॅन डिस्प्लेचा पडदा ६०० बाय ६०० पिक्सेलचा, कर्ण २० अंश. एक बाजू साधारण १४ अंशांची, म्हणजे दर अंशाला ४२ पिक्सेल. १९२० पिक्सेल रुंदीचा ४६ अंशांचा पडदा घेतला तर आडवे साधारण ४० अंश आणि दर अंशाला ४८. निरोगी डोळा दर अंशाला सुमारे ६० पर्यंतचा बारकावा पकडतो. दोन्ही पडदे वाचण्याजोगे आहेत, पण एकावर एक-दोन ओळींची सूचना शोभते आणि दुसऱ्यावर संपूर्ण पान.

खरी परीक्षा उन्हात होते. कंपनी पडद्याची प्रखरता निट्समध्ये सांगते, पण डोळ्याला दिसतो तो पडदा आणि मागचा उजेड यांतला फरक. मागच्या उजेडाचा अंदाज लक्समीटरने, म्हणजे पृष्ठभागावर पडणारा उजेड लक्समध्ये मोजणाऱ्या यंत्राने, येतो: पांढऱ्या पृष्ठभागावर पडणाऱ्या लक्सला चारने भागलं की ढोबळ निट्स मिळतात. ४०० लक्सच्या खोलीतली पांढरी भिंत १०० निट्सची. भर उन्हात १ लाख लक्स पडले तर तीच भिंत २५,००० निट्सची. आता १,००० निट्सचा पडदा आणि ८५ टक्के उजेड आत सोडणारी काच घ्या. खोलीत मागून ८५ निट्स येतात, त्यावर १,००० ची भर. अक्षरं मागच्यापेक्षा जवळजवळ १३ पट उजळ, अगदी ठसठशीत. उन्हातल्या भिंतीसमोर मागून २१,२५० येतात आणि भर तीच १,००० ची. फरक ५ टक्क्यांचाही नाही. अक्षरं पुसली जातात. ५,००० निट्सच्या पडद्यालाही साध्या काचेतून तिथे १.२ पटच मिळतं. काच फक्त १५ टक्के उजेड सोडणारी गडद असली तर २.३ पट. आमच्या वाचकांच्या चाचणीत दोन पटींच्या खाली बारीक अक्षरं वाचताना कपाळाला आठ्या पडतात. म्हणून जाहिरातीतल्या निट्सइतकीच काच किती गडद होते हे विचारणं महत्त्वाचं. उन्हात आपोआप गडद होणारी काच अतिनील किरणांवर चालते आणि गाडीची पुढची काच ते बरेचसे अडवते, त्यामुळे गाडीत ती फारशी गडद होत नाही. हे दुकानात कुणी सांगत नाही.

काचेत दिसणाऱ्या चित्राचे फोनने काढलेले फोटो आम्ही पुराव्याला धरत नाही. फोनचं भिंग बाहुलीच्या जागी नीट बसत नाही, कडांचे रंग खोटे येतात, प्रखरता फोन स्वतःच जुळवतो. डोळ्याने बघणाऱ्या पाच जणांकडून एकच ठरलेला मजकूर वाचून घेणं जास्त भरवशाचं. त्याच वेळी दोन दोष शोधायचे. डोक्यावरच्या दिव्याखाली उभं राहून मान हळूहळू वर करायची. काही वेव्हगाइड काचांत (चित्राचा उजेड काचेच्या आतूनच डोळ्यापर्यंत नेणाऱ्या) इंद्रधनुष्याचे पट्टे उमटतात. आणि अंधाऱ्या खोलीत एकाला १ मीटरवर समोर उभं करायचं: त्याला तुमच्या काचेत उजेड दिसतो का, अक्षरं ओळखता येतात का? केबलवाल्या, आत अर्धपारदर्शक आरसा असलेल्या चष्म्यांत तिसरा दोष असतो. खालून येणारा उजेड, विशेषतः पांढरा सदरा, चित्रावर सावटासारखा दिसतो.

मराठी वाचणाऱ्याने सूचना देवनागरीत पाठवून बघायलाच हवी. आमचा नमुना मजकूर असा: ‘श्रद्धा, ऑर्थोपेडिक तपासणी गुरुवारी; पट्टी, कॅल्शियम, दुसऱ्या मजल्यावर’. यात रफार, जोडाक्षरं, ॲ-ऑची चिन्हं, ऱ्या आणि पहिली वेलांटी सगळं येतं. बिघाड ठरावीक असतात: जोडाक्षर फुटून हलन्त उघडा पडतो, पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे यायची ती उजवीकडे जाते, वरच्या मात्रा ओळीच्या कडेला कापल्या जातात, किंवा सरळ रिकामे चौकोन. मात्रा कापली जात असेल तर अक्षराचा आकार बदलून बघा. चौकोन आले तर फाँटच नाही, आणि तो अपडेटशिवाय येणार नाही.

कॅमेऱ्याकडे वळू. लक्समीटर ठेवून १,०००, १०० आणि १० लक्स अशा तीन उजेडांत तोच देखावा टिपायचा. १० लक्सला उभ्या माणसाचा हातही फिसकटला तर तो संध्याकाळच्या घरगुती प्रसंगांचा कॅमेरा नाही. चालताना, मान झटकन वळवताना, आणि हातभर अंतरावरच्या कामाचं चित्रण वेगळं घ्यायचं. कॅमेरा नाकापासून बाजूला, फ्रेमच्या कोपऱ्यात असतो. दूरच्या दृश्यात त्याने फरक पडत नाही, पण सुईत दोरा ओवताना तुम्ही मध्यभागी बघत असता आणि चित्रात सुई एका कडेला गेलेली असते. चित्र धुरकट आलं तर आधी भिंग पुसा. चष्मा काढताना आपण नेमका तोच कोपरा चिमटीत धरतो.

चित्रण चालू असल्याचा दिवा ही चाचणी आम्ही कधीच वगळत नाही, कारण ती चष्मा घेणाऱ्याची नाही तर समोरच्याची आहे. भर उन्हात ३ मीटरवरून तो दिसतो का? चित्रणाआधी त्यावर काळी पट्टी लावली तर चष्मा नकार देतो का? चित्रण सुरू झाल्यावर लावली तर थांबतो का? रे-बॅन मेटा दिवा झाकलेला आढळला की चित्रण सुरू करत नाही आणि तसं सांगतो. जो चष्मा हे करत नाही त्याचा बाकीचा निकाल कितीही चांगला असला तरी ही गोष्ट आम्ही सगळ्यात वर लिहितो.

आवाजाच्या चाचणीत नुसता ‘चांगला, खणखणीत’ असा शेरा कामाचा नाही. आधी ६५ डेसिबलचा गोंगाट लावायचा आणि घालणाऱ्याला वीस वाक्यांपैकी अठरा बरोबर सांगता येतील इतका चष्म्याचा आवाज वाढवायचा. मग गोंगाट बंद. आवाज तसाच ठेवून शांत खोलीत १ मीटरवर बसलेल्याला किती शब्द कळतात ते मोजायचं. बसमधून उतरून शांत प्रतीक्षाकक्षात बसणाऱ्याचं हेच होतं. मायक्रोफोनसाठी पंख्याचा वारा ५ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे सायकलच्या वेगाइतका, समोरून आणि बाजूने. बाजूचा वारा जास्त त्रास देतो.

बोलून काम सांगण्यासाठी पन्नास प्रश्नांची यादी ठेवतो. वीस रोजची कामं, पंधरा ‘समोर काय आहे, काय लिहिलंय’ प्रकारची आणि पंधरा माहितीची. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचा वेळ ध्वनिमुद्रणाच्या लहरीवरून मोजायचा, दहा वेळा, आणि मधला आकडा घ्यायचा. वायफायवर, मोबाइल नेटवर, आणि नेट बंद करूनही. बरेच चष्मे नेट गेलं की साध्या कॅमेरा-हेडफोनपुरते उरतात. गुण देताना ‘बरोबर’, ‘माहीत नाही म्हणाला’ आणि ‘ठामपणे चूक’ असे तीन रकाने. तिसऱ्या रकान्यातली एक चूक आम्ही दुसऱ्यातल्या पाचांपेक्षा वाईट धरतो. औषधाच्या पट्टीवरचा आकडा वाचायला लावून तो अंक-अंक ताडून बघा, म्हणजे का ते कळेल.

बॅटरीचा अंदाज आधी कागदावर येतो. पहिल्या रे-बॅन मेटाच्या चष्म्यात १५४ मिलिअँपिअर-तासांची बॅटरी आहे. ५,००० च्या फोनपुढे ती बत्तिसाव्या हिश्श्याहून थोडी लहान. ‘४ तासांपर्यंत’ हा आकडा मिश्र वापराचा असतो. आम्ही चार वेगळे आकडे काढतो: निम्म्या आवाजावर सलग गाणी, सलग फोनवर बोलणं, बंद पडेपर्यंत चित्रणामागून चित्रण, आणि काहीच न करता रात्रभर ठेवून सकाळी किती टक्के उरले. चित्रणात बॅटरी संपायच्या आधी उष्णता आड येते. कानशिलाला लागणाऱ्या काडीचं तापमान दर पाच मिनिटांनी घ्यायचं. ४३ अंशांच्या वर गेलेला भाग तासन्‌तास त्वचेला टेकलेला बरा नाही. इन्फ्रारेड तापमापक चकचकीत पृष्ठभागावर कमी आकडा दाखवतो, म्हणून काडीवर काळी खरखरीत टेप चिकटवून तिच्यावर नेम धरावा. हीच चाचणी थंड खोलीत एकदा आणि ३५ अंशांत एकदा. दुसऱ्या वेळी चित्रण किती लवकर थांबतं, हा आकडा उकाड्यात राहणाऱ्याला फार महत्त्वाचा.

पाणी-धुळीपासून किती बचाव होतो हे सांगणाऱ्या आयपी श्रेणीत आयपीएक्स४ म्हणजे सगळ्या बाजूंनी उडालेलं पाणी चालतं, बुडवणं नाही. आणि एक्स म्हणजे धुळीची चाचणी सांगितलेली नाही. ती परीक्षा साध्या पाण्याने होते, घामात मीठ असतं. चार्जिंगचे धातूचे ठिपके नाकाजवळ असतील तर मीठ तिथेच साचतं, ठिपके काळवंडतात आणि चष्मा डबीत ठेवूनही चार्ज होत नाही. ओलसर कापडाने पुसून, वाळवून मगच डबीत ठेवायचा.

सगळ्या नोंदींपुढे सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहिलेली असते. मोठं अपडेट आलं की बॅटरी, उत्तराचा वेळ आणि देवनागरी मजकूर पुन्हा तपासतो. चष्मा परत करण्याआधी फोनमधल्या ॲपमधून जोडणी काढायची, साठलेले फोटो आणि आवाज खात्यातून पुसायचे, मग चष्मा मूळ स्थितीला आणायचा. क्रम उलटा झाला तर तो जुन्या खात्याशी बांधलेला राहू शकतो आणि पुढच्याला सुरू करता येत नाही.

तीन आठवडे वापरल्यावर तेच पाच चेहरे, तेच ठिपके, तोच बाजूचा फोटो. या काळात काड्या थोड्या फाकलेल्या असतात, बिजागरी सैलावलेली असते, आणि पहिल्या दिवशी २ मि.मी. घसरणारा चष्मा आता ४ मि.मी. घसरतो. त्या जागी पडद्याची शेवटची ओळ पुन्हा वाचायला देतो आणि जितक्या जणांना ती दिसली तो आकडा लिहून तपासणी बंद करतो.